संवेदनशील बातम्यांवर खूण कशी करावी? टॅगच्या आधी शब्द ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर शहर आणि करवीर, पन्हाळा, शिरोळ या तालुक्यांच्या बातम्या देणारे एक लहान संकेतस्थळ तुम्ही चालवता. अपघात, महापूर, आत्महत्या आणि अत्याचार यांच्या बातम्यांसोबत जाणाऱ्या छायाचित्रांविषयी वाचकांच्या तक्रारी येतात, म्हणून अशा मजकुरावर खूण करण्याची एक साधी, सगळ्या बातमीदारांना झेपेल अशी पद्धत तुम्हाला बसवायची आहे. त्यासाठी ‘प्रौढांसाठी’ हा मेटा टॅग (पानावर न दिसणारी, यंत्रांनी वाचायची नोंद) सगळ्या पानांवर घालावा, की स्वतःची पद्धत तयार करावी, आणि ती पुढे इतर स्थानिक संकेतस्थळांनाही वापरता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी कोल्हापुरातच बातम्यांच्या आणि जुन्या दस्तऐवजांच्या संकेतस्थळांची बांधणी करतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. माझे उत्तर असे: तो मेटा टॅग सरसकट घालू नका, स्वतःची सहा-सात शब्दांची यादी करा, आणि टॅग कोणता वापरायचा याचा विचार सर्वांत शेवटी करा.

टॅग शेवटी ठेवण्याचे कारण असे की एकाच खुणेकडून तुम्ही तीन वेगळी कामे अपेक्षित धरत आहात. वाचकाला समोर काय येणार आहे हे आधी कळावे, हे पहिले काम. शोधयंत्राने आणि समाजमाध्यमांनी ते छायाचित्र आपणहून लोकांपुढे आणू नये, हे दुसरे. आणि रात्री उशिरा बातमी चढवणाऱ्या माणसाला घाईतही योग्य पर्याय निवडता यावा, हे तिसरे. पाने ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलमध्ये पहिल्या दोन कामांसाठी साधने आहेत. तिसऱ्यासाठी काहीच नाही, आणि आजवरच्या बहुतेक योजना तिथेच अडल्या आहेत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. तुमचे वाचक बहुतांशी व्हॉट्सॲपच्या दुव्यावरून येतात की थेट मुखपृष्ठावर, बातम्या चढवण्याची प्रणाली तुमची स्वतःची आहे की तयार साच्याची, आणि वाचकांच्या प्रतिक्रिया तुम्ही छापता की नाही, यावर तपशील बदलतील. माझे विवेचन बातम्यांच्या संकेतस्थळापुरते आहे. निव्वळ प्रौढ मजकुराच्या व्यवसायासाठी ते लागू पडणार नाही.

आधी थोडा इतिहास, कारण तुम्ही ज्या वाटेने निघाला आहात तिच्यावरून बरेच जण गेले आहेत. १९९६ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मजकुरावर खूण करण्याचे ‘पिक्स’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्यामागचा विचार आजही मला उत्तम वाटतो: खूण कोणत्या रचनेत लिहायची हे मानकाने सांगायचे, पण कोणते शब्द वापरायचे हे ज्याने-त्याने ठरवायचे. या रचनेत सर्वांत जास्त चाललेली शब्दावली ‘आरएसएसीआय’ या वर्गवारीची होती. तिच्यात नग्नता, लैंगिकता, भाषा आणि हिंसा असे चार स्तंभ होते आणि प्रत्येकाला शून्य ते चार अशी पातळी द्यायची होती. इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या खुणा वाचणारी सोयही होती. तरीही हे चालले नाही. २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने ‘पिक्स’च्या जागी ‘पावडर’ नावाचे नवे मानक आणले आणि त्याचाही फारसा प्रसार झाला नाही.

ते का चालले नाही, हे तुमच्या कामाचे आहे. पहिले कारण म्हणजे खूण करण्याचा सगळा भार लेखकावर होता आणि त्याच्या पदरात मात्र काहीच पडत नव्हते. दुसरे कारण बातम्यांपाशी उघडे पडले. युद्धाच्या बातमीत हिंसा असणारच. तिला ‘हिंसा: चार’ असे लिहिले की ती शाळा-ग्रंथालयांच्या चाळणीत अडकणार, आणि नाही लिहिले तर खूण खोटी ठरणार. बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांनी तेव्हा या पद्धतीपासून हात आखडता घेतला तो याचमुळे. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या पानावर खूण नाही ते पान निर्धोक आहे की केवळ कोणी तपासलेले नाही, हे कळायला मार्ग नव्हता. खूण नसलेली सगळी पाने अडवा, असे ब्राउझरला सांगितले की जवळजवळ सगळे जाळेच बंद व्हायचे. अडवू नका म्हटले की चाळणीला अर्थ उरायचा नाही.

याउलट २००६ मध्ये आलेली ‘आरटीए’ ही खूण अजून टिकून आहे. ती एकच ठरलेली अक्षरमालिका आहे, तिचा अर्थ ‘फक्त प्रौढांसाठी’, आणि प्रौढ मजकुराचे संकेतस्थळ ती सगळ्या पानांवर लावून मोकळे होते. निर्णय एकदाच आणि सोपा. गूगलची ‘सेफसर्च’ ही प्रौढ मजकूर गाळणारी सोय ही खूण आणि ‘रेटिंग’ या नावाचा मेटा टॅग, दोन्ही ओळखते. तुमच्या मनात जो मेटा टॅग आहे तो हाच. पण तो पानाच्या सामाईक शीर्षभागात घातला, तर गुळाचे बाजारभाव, शिवाजी विद्यापीठाचे निकाल आणि खासबागेतल्या कुस्तीच्या बातम्या हे सगळेच प्रौढ मजकूर म्हणून नोंदवले जाईल आणि सेफसर्चची चाळणी लावलेल्या फोनवरून तुमचे संकेतस्थळ दिसेनासे होईल. खूण बातमीला लावायची असते, आणि शक्य असेल तिथे बातमीतल्या नेमक्या छायाचित्राला. ज्या बातमीचा मजकूर कोणीही वाचावा असा आहे आणि एकच छायाचित्र विदारक आहे, तिथे सगळी बातमी झाकणे हा वाचकावर अन्याय आहे.

आता शब्दांकडे येतो. माझा आग्रह असा की खुणेने ‘काय आहे’ ते सांगावे, ‘कोणी पाहावे’ हे सांगू नये. कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत सांगितली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या मुलांनाही पाठ असते. तो आकडा ऐकून नदीकाठचे घर सामान हलवते आणि उंचावरचे घर हलवत नाही. आकडा सगळ्यांना एकच, निर्णय ज्याचा त्याचा. ‘संवेदनशील’, ‘विचलित करणारे’, ‘कमकुवत मनाच्या लोकांनी पाहू नये’ हे शब्द आकडा सांगतच नाहीत. ज्याने नुकताच घरातला माणूस अपघातात गमावला आहे आणि ज्याला रक्त पाहून भोवळ येते, त्या दोघांना टाळायच्या गोष्टी वेगळ्या असतात, आणि ‘विचलित करणारे’ या शब्दावरून दोघांनाही काही बोध होत नाही.

मी ज्या यादीने काम करतो ती अशी: मृतदेह किंवा गंभीर जखम; आत्महत्या किंवा स्वतःला इजा; लैंगिक अत्याचाराचे वर्णन; लहान मुलांवरील हिंसा; जात, धर्म किंवा लिंगावरून केलेला अपमान जसाच्या तसा उद्धृत; आणि लखलखणारा प्रकाश. जिल्ह्यात महापुराच्या काळात जनावरांच्या मृत्यूची दृश्ये येतात, म्हणून ‘मेलेली किंवा जखमी जनावरे’ हा सातवा शब्द तुम्ही घालावा असे मला वाटते. याहून पुढे जाऊ नका. यादी वाढवण्याचा मोह सतत होतो, आणि प्रत्येक सूचना स्वतंत्रपणे रास्त वाटते. मांसाहारी पदार्थांच्या छायाचित्रांवर खूण असावी अशी सूचनाही कोणी करेल. पण तांबड्या रश्श्याचा फोटो नकोसा वाटणे ही आवड आहे, आणि ध्यानीमनी नसताना ओळखीच्या माणसाचा मृतदेह समोर येणे हा आघात आहे. दोन्हींना एकाच प्रकारची खूण लावली की वाचक सगळ्याच खुणांकडे दुर्लक्ष करू लागतो.

पातळ्या मात्र ठेवू नका. दोन अनुभवी उपसंपादकांना एकच छायाचित्र देऊन ते ‘दोन’ की ‘तीन’ असे विचारले, तर उत्तरे जुळणार नाहीत. मृतदेह दिसतो की नाही असे विचारले, तर जुळतील. ज्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते तोच प्रश्न रात्री अकरा वाजता विचारण्याजोगा असतो. चित्रपटांची आणि ओटीटीवरील मालिकांची ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ ही वर्गवारी तुम्हाला ओळखीची असेल. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ असे तिचे आणखी भाग केले आहेत. ती वर्गवारी मनोरंजनाच्या निवडक मजकुरासाठी आहे. बातम्यांवर ती लादू नका, कारण ती वयाविषयी बोलते आणि तुमच्या वाचकांचा प्रश्न वयाचा नाही.

लखलखणाऱ्या प्रकाशाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण ही खूण भावनेशी संबंधित नसून आरोग्याशी संबंधित आहे. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा होणारा लखलखाट काही अपस्मार असलेल्या माणसांत झटका आणू शकतो, आणि डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या (अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या) मानकात तो टाळण्याचा स्पष्ट निकष आहे. मिरवणुकीतल्या डीजेपुढच्या प्रकाशझोतांची चित्रफीत आपोआप सुरू होत असेल, तर केवळ खूण पुरणार नाही. ती आपोआप सुरू होणेच बंद करायला हवे.

काही मजकूर असा असतो की खूण लावली तरी तो छापता येत नाही, आणि हे तुमच्या बातमीदारांना स्पष्ट बजावून ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि पीडित बालक असेल तर पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. गावाचे नाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय एकत्र दिला की लहान गावात ओळख पटतेच. त्याचप्रमाणे आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे तपशील देऊच नयेत. तिथे खुणेबरोबर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक साच्यातूनच आपोआप यावा, म्हणजे तो घालायला कोणी विसरणार नाही.

आता बांधणी. वाचकाला दिसणाऱ्या भागासाठी एचटीएमएलमधील ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ ही जोडी (उघडमीट होणारा भाग आणि त्याची दिसणारी ओळ) वापरा. ती मुळातच मिटलेली असते, स्क्रिप्ट चालली नाही तरी मिटलेलीच राहते, कळफलकावरून उघडते आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला) समजते. छायाचित्र केवळ सीएसएसने (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेने) धूसर करण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती डोळस वाचकापुरतीच आहे. धूसर चित्राचा ‘आल्ट’ मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, स्क्रीन रीडर मोठ्याने वाचून दाखवतोच. म्हणजे ज्या वाचकाला दिसत नाही त्याला निवड न देताच सगळे वर्णन ऐकवले जाते. मिटलेल्या ‘डिटेल्स’मध्ये असे होत नाही.

‘समरी’तले वाक्य साधे आणि पूर्ण असावे: “या छायाचित्रात अपघातात मृत्यू झालेल्या व्यक्तीचा चेहरा न दिसणारा मृतदेह आहे. पाहायचे असल्यास उघडा.” यातून वाचकाला निर्णयापुरते कळते. “सावधान! थरकाप उडवणारे दृश्य” हे वाक्य इशाऱ्याच्या वेषातले आमिष आहे, आणि त्याने नेमका उलटा परिणाम होतो. बातमीदारांना वाक्य मोकळे लिहू द्यायचे की नाही, हा प्रश्न येईल. माझी पद्धत अशी की यादीतला शब्द निवडला की ठरलेले वाक्य आपोआप यावे आणि उपसंपादकाला त्यात एक ओळ वाढवता यावी.

आतली खूण ‘डेटा’ने सुरू होणाऱ्या गुणधर्मात (टॅगमध्ये लिहायच्या जादा नोंदीत) ठेवा, पण तिच्याकडून काय अपेक्षा करायची हे समजून घ्या. एचटीएमएलच्या मानकानुसार असे गुणधर्म त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या वापरासाठी असतात. बाहेरच्या यंत्राने ते वाचावेत अशी सोय त्यात नाही. बाहेरच्यांसाठी, म्हणजे शोधयंत्रांसारख्यांसाठी, स्कीमा डॉट ऑर्गची सामाईक शब्दावली आहे. तिच्यात मजकूर कुटुंबात पाहण्याजोगा आहे का, हे हो-नाहीत सांगणारा एक गुणधर्म आहे आणि लखलखाटासारखे धोके सांगणारा सुगम्यतेचा स्वतंत्र गुणधर्म आहे. तुमची आतली यादी बारीक असू द्या आणि बाहेर जाणारी माहिती तिच्यावरून साच्यानेच तयार करावी.

‘डेटा’ गुणधर्मातील किंमत, म्हणजे त्यात नोंदवायचा शब्द, हाताने टंकू देऊ नका. यादीतून निवडण्याची सोय ठेवा. मराठीत याचे कारण फार ठोस आहे. ‘ॲसिड हल्ला’ यातले पहिले अक्षर एकच युनिकोड वर्ण म्हणून टंकता येते, आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही टंकता येते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. अक्षरे जोडण्या-तोडण्यासाठी टंकल्या जाणाऱ्या, न दिसणाऱ्या जोडवर्णांची तीच गत आहे. म्हणून आतली किंमत रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत कायमची ठरवा आणि वाचकाला दिसणारे मराठी वाक्य वेगळ्या तक्त्यात ठेवा. वाक्य पुढे सुधारता येते. किंमत बदलावी लागत नाही.

आता व्हॉट्सॲपकडे येतो, कारण तुमच्याकडे आलेल्या तक्रारींचे मूळ बहुधा इथेच आहे. पानावर तुम्ही कितीही चोख झाकण घातले, तरी दुवा पाठवताना दिसणारे छोटे चित्र ‘ओपन ग्राफ’च्या टॅगमधून (दुव्याच्या झलकेसाठी पानात ठेवलेल्या नोंदींमधून) घेतले जाते, आणि तयार साचे त्या जागी बातमीचे मुख्य छायाचित्र आपणहून भरतात. वाचकाने पान उघडण्याआधीच मृतदेह घरच्या ग्रुपवर पोहोचलेला असतो. त्यातही हे चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन संदेशासोबत जाते, त्यामुळे नंतर टॅग बदलला तरी आधी गेलेल्या संदेशांत काहीच बदलत नाही. उपाय सोपा आहे: यादीतला एकही शब्द निवडलेला असेल, तर साच्याने त्या टॅगमध्ये संकेतस्थळाचे बोधचिन्ह किंवा घटनास्थळाचे साधे चित्र घालावे. शोधयंत्रासाठी रोबॉट्सच्या मेटा टॅगमध्ये चित्राची झलक देऊ नये अशी सूचना घालता येते, आणि एखादा परिच्छेदच शोधाच्या निकालात उद्धृत होऊ नये असे वाटत असेल तर ‘डेटा-नोस्निपेट’ हा गुणधर्म गूगल अपवाद म्हणून मानते. आरएसएस (नव्या बातम्या आपोआप इतरत्र पोहोचवणारी यादी) आणि मोबाइलवर जाणाऱ्या सूचना याही तपासा. ही दोन्ही ठिकाणे हमखास राहून जातात. खूण म्हणून तुम्ही एवढीच एक गोष्ट केलीत, तरी तक्रारी लक्षणीय कमी होतील असा माझा अंदाज आहे.

बातमी चढवण्याच्या पानावर हा रकाना सक्तीचा ठेवा आणि त्यात ‘यातले काही नाही’ हा पर्याय स्पष्ट द्या. रिकामा रकाना आणि ‘काही नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पिक्स’ने शिकवलेला धडा हाच. जुन्या बातम्यांना सरसकट ‘काही नाही’ लावू नका; त्यांना ‘तपासलेले नाही’ अशी तिसरी स्थिती द्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या बातम्या दर पावसाळ्यात पुन्हा वाचल्या जातात, तेव्हा तपासणीची सुरुवात तिथून करा. यंत्राकडून जुना साठा तपासून घेण्याचा मोह होईल; संशयास्पद छायाचित्रे वेगळी काढण्यासाठी त्याचा उपयोग आहे, पण अंतिम खूण माणसानेच करावी. पुरात वाहून गेलेल्या घरापाशी बसलेल्या वृद्धेचे छायाचित्र यंत्राला निर्धोक वाटेल आणि कसायाच्या दुकानाचे वाटणार नाही.

एवढे सगळे एकदम जमणार नसेल, तर मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाची पद्धत घ्या. तिथे नोंदीसोबत ‘संवेदनशील आहे की नाही’ असे एक हो-नाही उत्तर असते आणि आत काय आहे ते सांगणारी एक मोकळी ओळ असते. लिहिणाऱ्याला दोनच गोष्टी कराव्या लागतात, आणि वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे लाखो लोक ती पद्धत रोज वापरतात. तुमच्या लहान चमूसाठी ती उत्तम सुरुवात आहे. मोकळ्या ओळींत वारंवार येणारे शब्द काही महिन्यांनी पाहिलेत, की तुमची सात शब्दांची यादी तुमच्याच बातम्यांवरून तयार होईल. वाचकांच्या प्रतिक्रियांनाही सध्या एवढेच पुरे.

इतर संकेतस्थळांनी ही पद्धत वापरावी, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. तसे होण्यासाठी तुमची यादी एका कायमच्या पत्त्यावर प्रसिद्ध करा, प्रत्येक शब्दाखाली दोन ओळींत त्याचा अर्थ आणि त्यात काय येत नाही हे लिहा, आणि पानावर तारीख घाला. प्रसिद्ध करण्यापूर्वी दहा-बारा जुन्या बातम्या दोन बातमीदारांना स्वतंत्रपणे द्या आणि त्यांच्या खुणा ताडून पाहा. जिथे दोघांचे जुळले नाही तिथे शब्दाची व्याख्या दुरुस्त करायला हवी असे समजा. एकदा यादी बाहेर गेली की नवा शब्द वाढवायला हरकत नाही, पण जुन्या शब्दाचा अर्थ बदलू नका. तो अपुरा वाटला तर तसाच राहू द्या आणि शेजारी नवा शब्द घाला, कारण त्या शब्दावर विसंबून दुसऱ्या कोणीतरी आपले साचे बांधलेले असतील आणि त्यांना तुमचा बदल कळण्याची काहीच सोय नसेल.